विश्लेषण : महामार्गालगतचे डान्स बार कुठे गेले? बंदी कायद्याने टिकली नाही, तरी दिवे का लागले नाहीत?

खालापूर म्हटले की आज बहुतेकांना मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरचा टोलनाका आठवतो. पण त्याच तालुक्यातून जाणाऱ्या जुन्या महामार्गाची चाळीस वर्षांपूर्वीची ओळख वेगळी होती. जेवणाचे हॉटेल, त्याला लागून परमिट रूम आणि आत हिंदी चित्रपटगीतांवर चालणारा नाच असा एक धंदा या रस्त्याच्या कडेला उभा राहिला. तिथून तो पनवेल, ठाणे आणि मुंबईत पसरला. २००५ मध्ये राज्य सरकारने त्यावर बंदी घातली. ही बंदी उच्च न्यायालयात टिकली नाही आणि सर्वोच्च न्यायालयातही टिकली नाही. तरीही जुन्या स्वरूपातील डान्स बार परतला नाही. असे का झाले? या हॉटेलांचा इतिहास काय? आणि तिथे नाचणाऱ्या हजारो महिलांचे पुढे काय झाले?

सुरुवात कुठे झाली?

राज्यातील पहिले डान्स बार रायगड जिल्ह्यातील खालापूर परिसरात ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला उभे राहिले, असे मानले जाते. जागेची निवड समजण्यासारखी आहे. द्रुतगती मार्ग पूर्णपणे खुला झाला तो २००२ मध्ये. त्याआधी मुंबई आणि पुण्यामधली सगळी वाहतूक जुन्या महामार्गाने होत असे. बोरघाट चढण्याआधी किंवा उतरल्यावर ट्रकवाले, व्यापारी आणि मोटारवाले पनवेल-खोपोली पट्ट्यात थांबत. गाडीचे इंजिन थंड व्हायचे आणि माणसाचे जेवण व्हायचे. रस्त्याकडेच्या हॉटेलवाल्याला जेवणावर फारशी कमाई नव्हती. खरी कमाई दारूवर होती, आणि गिऱ्हाईक जितका वेळ बसेल तितकी ती वाढत होती.

गिऱ्हाईक बसून राहावे म्हणून आधी गाणे आले. वाद्यवृंद, गझल, जुनी चित्रपटगीते. मग महिला वेटर आल्या. ‘लेडीज सर्व्हिस बार’ हा शब्द तेव्हाचाच. पुढे वाद्यवृंदाची जागा कॅसेटने घेतली आणि मोकळ्या झालेल्या मंचावर नाच सुरू झाला. हॉटेलात नाच ही मुंबईला नवी गोष्ट नव्हती. साठ-सत्तरच्या दशकात शहरातील बड्या रेस्टॉरंटांत कॅबरे चालत असे. पण तो उच्चभ्रूंचा शौक होता. महामार्गालगतचा बार ट्रकमालक, दलाल, ठेकेदार आणि जमीन विकून पैसा हाती आलेल्या शेतकऱ्याच्या मुलालाही परवडणारा होता. नाचणाऱ्या मुली कॅबरेसारख्या तोकड्या कपड्यांत नसत. घागरा-चोळी किंवा साडी हाच बहुतेक ठिकाणचा वेश होता.

‘परमिट रूम’मध्ये नाच कायदेशीर कसा होता?

त्यासाठी राज्याच्या दारूबंदीचा इतिहास पाहावा लागतो. मुंबई प्रांताने १९४९ मध्ये दारूबंदी कायदा केला. पुढे निर्बंध टप्प्याटप्प्याने सैल होत गेले, पण मूळ कायदा रद्द झाला नाही. दारू पिण्यासाठी परवाना लागतो ही तरतूद कागदावर राहिली. ज्या खोलीत बसून परवानाधारकाने प्यायचे ती ‘परमिट रूम’. राज्यभरातील बारच्या पाट्यांवर हा शब्द आजही दिसतो तो त्यामुळेच.

नाचासाठी वेगळा परवाना लागत असे. मुंबई पोलीस कायदा, १९५१ मधील कलम ३३ ने पोलिसांना सार्वजनिक करमणुकीच्या जागांसाठी नियम करण्याचा अधिकार दिला. त्यानुसार १९६० मध्ये झालेल्या नियमांच्या लांबलचक नावातच ‘मेळे व तमाशे’ हे शब्द आहेत. म्हणजे तमाशाच्या फडासाठी केलेल्या चौकटीतच पुढे बारमधील नाचाला परवानगी मिळाली. एकाच हॉटेलकडे खाद्यगृहाचा, दारूचा आणि करमणुकीचा असे वेगवेगळे परवाने असत आणि प्रत्येकाचे शुल्क सरकारी तिजोरीत जमा होई.

ऐंशीच्या दशकाच्या मध्यात मुंबईतील परवानाधारक डान्स बारची संख्या दोन डझनांच्या आसपास होती. पुढच्या दहा वर्षांत ती दोनशेवर गेली. बंदी आली तेव्हा न्यायालयापुढे आलेल्या माहितीनुसार राज्यात ३४५ परवानाधारक आणि सुमारे २५०० विनापरवाना डान्स बार होते. हे दोन आकडे शेजारी ठेवले की एक प्रश्न लगेच पडतो. आठ बारपैकी सात विनापरवाना चालत असतील, तर ते इतकी वर्षे कोणाच्या नजरेआड चालत होते? पुढे न्यायालयानेही याच मुद्द्यावर बोट ठेवले.

बारचे अर्थकारण कसे चालत असे?

बहुतेक बारमध्ये नाचणाऱ्या मुलींना पगार नसे, किंवा अगदी नावापुरता असे. कमाई टीपवर होती. गिऱ्हाईक आवडीच्या गाण्याची फर्माईश करी, नोटांची माळ घाली किंवा नोटा उधळी. उधळलेल्या नोटा बारची पोरे गोळा करत आणि कुणाच्या नावावर किती जमले याचा हिशेब लिहिला जाई. रात्र संपल्यावर त्यातला ठरलेला हिस्सा मालकाचा आणि उरलेला मुलीचा. प्रमाण बारगणिक वेगळे असे. काही ठिकाणी टीप पूर्ण मुलीची आणि दारूची कमाई मालकाची अशीही पद्धत होती.

या एका मंचावर कितीतरी पोटे अवलंबून होती. वेटर, आचारी, वादक, दारावरचा रखवालदार, मेकअप करणाऱ्या महिला, घागरे शिवणारे शिंपी, पहाटे मुलींना घरी सोडणारे रिक्षावाले. मुलगी गावाकडे पैसे पाठवी, त्यावर तिकडे घर बांधले जाई, भावंडांची लग्ने होत.

धंद्याला काळी बाजूही होती. हप्ते, गुंडांचा वावर, अल्पवयीन मुलींना मंचावर उभे केल्याच्या तक्रारी आणि नाचाच्या आडून वेश्याव्यवसाय चालत असल्याचे आरोप सतत होत. पोलिसांचे छापेही पडत. मधुर भांडारकर यांच्या ‘चांदनी बार’ (२००१) या चित्रपटाने हे जग पडद्यावर आणले. तब्बू यांना त्यातील भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. सुकेतू मेहता यांचे ‘मॅक्सिमम सिटी’ आणि सोनिया फलेरो यांचे ‘ब्युटिफुल थिंग’ या पुस्तकांनी ते इंग्रजी वाचकांपर्यंत नेले.

नाचणाऱ्या महिला कुठून आल्या?

वृत्तपत्रांनी त्यांना ‘बारबाला’ हे एकच नाव दिले, पण त्या एकाच प्रकारच्या नव्हत्या. त्यांतील मोठा गट उत्तर आणि मध्य भारतातील बेडिया, नट, कंजर, डेरेदार अशा परंपरेने नाचगाण्यावर जगणाऱ्या समाजांतला होता. राजस्थान, मध्य प्रदेश आणि उत्तर प्रदेशात संस्थाने गेली, जमीनदारी गेली, कोठे बंद पडले. आश्रयदाते संपल्यावर या समाजांतील महिलांना मुंबईच्या बारमध्ये नवा मंच मिळाला. दुसऱ्या गटात महाराष्ट्रातल्या आणि देशाच्या इतर भागांतून आलेल्या गरीब घरांतील महिला होत्या. गिरण्या बंद पडल्यावर कमावता पुरुष घरी बसलेल्या कुटुंबांतल्या मुलीही त्यांत होत्या. कुणी आधी घरकाम केले होते, कुणी कारखान्यात.

बंदीच्या सुमारास एसएनडीटी महिला विद्यापीठाचे स्त्री अभ्यास केंद्र आणि ‘फोरम अगेन्स्ट ऑप्रेशन ऑफ विमेन’ या संघटनेने ५०० नर्तिकांशी बोलून पाहणी केली. या महिलांना फसवून किंवा पळवून आणले जाते, या सरकारी दाव्याला पाहणीतून दुजोरा मिळाला नाही. बहुतेक जणी नातेवाईक, शेजारीण किंवा मैत्रिणीच्या ओळखीने आल्या होत्या आणि घर चालवण्यासाठी नाचत होत्या. सरकारनेही न्यायालयात आपल्या बाजूने ‘प्रयास’ या संस्थेचा अहवाल मांडला. शोषण होते की नाही, यावर फारसे दुमत नव्हते. वाद होता तो उपायाचा. शोषण थांबवायचे की काम?

२००५ मध्ये बंदी का आली?

३० मार्च २००५ रोजी विधानसभेत लेडीज बारमधील गैरप्रकारांवर लक्षवेधी सूचना आली. ती मांडणारे शेतकरी कामगार पक्षाचे आमदार विवेक पाटील पनवेलचे होते, आणि त्यालाही अर्थ होता. डान्स बारची सर्वाधिक झळ बसल्याची भावना त्या पट्ट्यात होती. नवी मुंबईसाठी झालेल्या भूसंपादनातून आणि नंतरच्या जमीन व्यवहारांतून गावांत रोकड आली होती. ती बारमध्ये उडते आहे, तरुण पोरे बरबाद होत आहेत, घरे मोडत आहेत, अशी तक्रार गावागावांतल्या बायका करत होत्या.

उत्तर देताना तत्कालीन उपमुख्यमंत्री व गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी मुंबईबाहेरचे डान्स बार बंद करण्याची घोषणा केली. मुंबईला वगळले म्हणून टीका झाली आणि एप्रिलमध्ये बंदी संपूर्ण राज्याला लागू होईल असे जाहीर झाले. आबांची प्रतिमा स्वच्छ आणि ग्रामीण. बंदीला राज्यभरातून, विशेषतः गावांतून मोठा पाठिंबा मिळाला. दुसरीकडे वर्षा काळे यांच्या नेतृत्वाखालील बारगर्ल्स युनियनने मुंबईत आंदोलने केली. चेहरा ओढणीने झाकून आझाद मैदानात बसलेल्या महिलांची छायाचित्रे देशभर छापून आली.

सरकारने आधी वटहुकमाचा मार्ग धरला होता. तो जमला नाही तेव्हा विधेयक आले. जुलै २००५ मध्ये दोन्ही सभागृहांनी ते मंजूर केले. एकाही पक्षाने विरोध केला नाही. १४ ऑगस्टच्या रात्रीनंतर राज्यातील डान्स बारचे मंच रिकामे झाले.

कायद्यात असे काय होते की तो न्यायालयात अडकला?

मुंबई पोलीस कायद्यात दोन नवी कलमे आली. ३३अ नुसार खाद्यगृह, परमिट रूम किंवा बिअर बारमध्ये कोणत्याही प्रकारच्या नाचाला बंदी झाली. शिक्षा तीन वर्षांपर्यंत कैद आणि दोन लाख रुपयांपर्यंत दंड. त्यालाच जोडून आलेल्या ३३ब कलमाने मात्र काही जागांना सूट दिली. नाट्यगृहे व चित्रपटगृहे, फक्त सदस्यांना प्रवेश असलेले क्लब व जिमखाने, आणि तीन तारांकित किंवा त्यावरची हॉटेले त्यात होती. कारण दिले होते पर्यटन आणि सांस्कृतिक कार्यक्रमांचे.

घोडे इथेच पेंड खाऊ लागले. पनवेलच्या रस्त्यावरील हॉटेलात घागरा घालून नाचणे गुन्हा. तोच नाच जुहूच्या तारांकित हॉटेलात झाला तर करमणूक. नाच अश्लील आहे की नाही हा प्रश्न कायद्याने विचारलाच नव्हता. नाच कुठल्या दर्जाच्या हॉटेलात आहे, एवढेच त्याने पाहिले.

हॉटेलमालकांची ‘आहार’ ही संघटना, बारमालक, बारगर्ल्स युनियन आणि महिला संघटना मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. मालक आणि कामगार एकाच बाजूने उभे राहिल्याचे चित्र महाराष्ट्रात तसे दुर्मीळच. नर्तिकांच्या बाजूने मुद्दे मांडण्यात ज्येष्ठ वकील फ्लाविया अॅग्नेस पुढे होत्या. १२ एप्रिल २००६ रोजी न्या. एफ. आय. रिबेलो आणि न्या. रोशन दळवी यांच्या खंडपीठाने बंदी रद्द केली. समानतेच्या हक्काचा (अनुच्छेद १४) आणि व्यवसाय स्वातंत्र्याचा (अनुच्छेद १९(१)(जी)) भंग होतो, असे न्यायालयाने म्हटले. सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले, निकालाला स्थगिती मिळाली आणि बंदी प्रत्यक्षात कायम राहिली.

सर्वोच्च न्यायालयाने काय म्हटले?

उत्तर यायला सात वर्षे गेली. १६ जुलै २०१३ रोजी सरन्यायाधीश अल्तमस कबीर आणि न्या. एस. एस. निज्जर यांनी उच्च न्यायालयाचा निकाल कायम ठेवला. एकच कृती श्रीमंतांच्या हॉटेलात नैतिक आणि सामान्यांच्या हॉटेलात अनैतिक कशी ठरते, हा निकालाचा गाभा होता. बंदीमुळे ७५ हजारांहून अधिक महिलांचा रोजगार गेल्याचे आणि अनेकींना त्यामुळे वेश्याव्यवसायाकडे वळावे लागल्याचे न्यायालयापुढे आले होते. महिलांच्या रक्षणासाठी आणलेल्या उपायाने त्यांचेच अधिक नुकसान झाले, म्हणजे दुखण्यापेक्षा औषध वाईट ठरले, असा न्यायालयाचा सूर होता.

निकालात आणखी एक गोष्ट पुढे आली. बंदी घालण्याआधी सरकारनेच एक समिती नेमली होती आणि तिने नियमनाच्या व्यवहार्य सूचना केल्या होत्या. नाचाची जागा १० बाय १२ फुटांची असावी, एका वेळी आठपेक्षा जास्त नर्तिका नसाव्यात, मंचाला तीन फूट उंचीचा कठडा असावा, कठडा आणि गिऱ्हाइकाच्या खुर्चीत पाच फुटांचे अंतर असावे, पैसे व्यवस्थापकामार्फत द्यावेत. हे नियम लागू करून पाहण्याआधीच सरकार थेट बंदीवर गेले. आहेत ते कायदे आणि नियम नीट राबवता आले असते, हे न्यायालयाने सरकारला सुनावले.

मग पुन्हा बंदी कशी आली?

न्यायालयाचा आक्षेप भेदभावावर आहे, तर भेदच काढून टाकू, असा मार्ग सरकारने शोधला. जून २०१४ मध्ये विधिमंडळाने दुरुस्ती केली आणि तारांकित हॉटेलांची सूट काढली. विधेयक पुन्हा एकमताने मंजूर झाले. पृथ्वीराज चव्हाण तेव्हा मुख्यमंत्री होते आणि विधानसभा निवडणूक काही महिन्यांवर होती. ऑक्टोबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने या दुरुस्तीलाही स्थगिती दिली. बंदीचे शिल्पकार आर. आर. पाटील यांचे त्याआधी, फेब्रुवारी २०१५ मध्ये निधन झाले होते.

राज्यात सत्तांतर झाले, पण धोरण बदलले नाही. देवेंद्र फडणवीस यांच्या सरकारने एप्रिल २०१६ मध्ये नवा कायदा आणला. त्याच्या नावात ‘अश्लील नृत्यास प्रतिबंध’ आणि ‘महिलांच्या प्रतिष्ठेचे संरक्षण’ असे दोन्ही शब्द होते. म्हणायला हे नियमन होते. पण अटी पाहता परवाना मिळणे जवळपास अशक्य होते. शाळा आणि प्रार्थनास्थळांपासून एक किलोमीटरची अट मुंबईसारख्या शहरात पाळणार कशी? सीसीटीव्ही सक्तीचे होते. नाचाची जागा आणि दारूची जागा यांत भिंत हवी होती. नाच होईल तिथे दारू देता येणार नव्हती. परवाना मागणारा चांगल्या चारित्र्याचा असावा, अशीही अट होती.

२०१९ च्या निकालाने नेमके काय बदलले?

१७ जानेवारी २०१९ रोजी न्या. ए. के. सिक्री आणि न्या. अशोक भूषण यांच्या पीठाने यातल्या अनेक अटी रद्द केल्या. एक किलोमीटरचे अंतर, सीसीटीव्हीची सक्ती, मधली भिंत, दारूवरची बंदी आणि चारित्र्याची मोघम अट गेली. काही तरतुदी मात्र राहिल्या. अश्लील नृत्याची व्याख्या आणि त्यावरची बंदी कायम राहिली. सायंकाळी ६ ते रात्री ११.३० ही वेळ कायम राहिली. नर्तिकांशी लेखी करार हवा, हे मान्य झाले, पण महिन्याच्या पगाराची सक्ती गेली. गिऱ्हाइकाला टीप देता येईल, मात्र नोटा उधळता येणार नाहीत. नियमनाच्या नावाखाली संपूर्ण बंदी आणता येणार नाही, हे न्यायालयाने पुन्हा स्पष्ट केले.

कायद्याच्या पातळीवर हॉटेलमालक आणि नर्तिका तीनदा जिंकल्या. ‘डान्स बार पुन्हा सुरू होणार’ अशा ठळक बातम्याही तीनदा आल्या.

तरीही डान्स बार परतले का नाहीत?

याची कारणे कायद्याइतकीच व्यवहारातही आहेत. पहिले कारण वेळेचे. जुना धंदा मध्यरात्रीनंतर रंगात येत असे. साडेअकराला दिवे घालवायचे तर हिशेब जुळत नाही. दुसरे कारण नोटांचे. नोटा उधळणे हे बारमधले दृश्यही होते आणि कमाईचा मार्गही. ते गेल्यावर मालकाला आणि नर्तिकेलाही पूर्वीची मिळकत नाही. तिसरे, परवाना देणारी यंत्रणा तीच राहिली. राजकीय इच्छा नसेल तर अर्ज कुठल्या ना कुठल्या टेबलावर अडकतो.

चौथे कारण म्हणजे मधल्या काळात धंद्याने रूप बदलले. डान्स बार बंद झाल्यावर ‘ऑर्केस्ट्रा बार’ वाढले. तिथे महिलांना गायिका म्हणून मंचावर उभे राहता येते. त्यालाही अट होती. मंचावर जास्तीत जास्त आठ कलाकार, चार पुरुष आणि चार महिला. फेब्रुवारी २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने महिलांच्या संख्येवरची ही मर्यादा रद्द केली. आठचा आकडा ठेवला, पण त्यात किती महिला आणि किती पुरुष हे ठरवायचा हक्क कलाकारांना आणि आयोजकांना दिला. काही ऑर्केस्ट्रा बारमध्ये चोरून नाच चालतो, हे छाप्यांच्या बातम्यांवरून दिसते. भिंतीमागे किंवा आरशामागे तयार केलेल्या लपण्याच्या खोल्यांत, पोलिसांच्या भाषेत ‘कॅव्हिटी’त, दाटीवाटीने बसवलेल्या महिला सापडल्याच्या घटना अनेकदा घडल्या आहेत. जो मंच पूर्वी परवान्यासह उजेडात होता, तो आता हवा नसलेल्या खोलीत गेला.

पाचवे कारण रस्त्याचे. द्रुतगती मार्गावर गाडी फूड मॉलवर थांबते, वडापाव आणि चहा होतो आणि पुढे निघते. जुन्या महामार्गावर रात्रभर रेंगाळणारी ती वाहतूकच राहिली नाही. बंदी आली नसती तरी खालापूरच्या आसपासचे जुने बार किती टिकले असते, ही शंकाच आहे.

तमाशाला एक न्याय आणि बारला दुसरा?

हा प्रश्न महाराष्ट्राला टाळता येत नाही. लावणीच्या बैठकीत, संगीतबारीत दौलतजादा होते. रसिक पैसे देतो, त्याच्या पसंतीची लावणी सादर होते. दौंडजवळचा चौफुला किंवा सोलापूर जिल्ह्यातील मोडनिंब इथली कला केंद्रेही रस्त्यालगतच आहेत. त्यांना लोककलेचा मान आहे. पण तो मान सहज मिळालेला नाही. स्वातंत्र्याच्या आसपास बाळासाहेब खेर यांच्या मंत्रिमंडळाच्या काळात अश्लीलतेच्या कारणावरून तमाशावरही बंदी आली होती. पुढे वगाच्या संहिता तपासून घेण्याची पद्धत आली आणि ‘शुद्ध’ केलेल्या तमाशाला व्यासपीठ मिळाले.

अभ्यासकांनी यातला जातीचा धागा उलगडला आहे. समीना दलवाई यांनी ‘बॅन्स अँड बार गर्ल्स’ या पुस्तकात मांडले आहे की, परंपरेने नाचणाऱ्या जातींतील स्त्री जोवर आश्रयदात्याच्या मर्जीवर होती तोवर समाजाला तिची अडचण नव्हती. ती बाजारात उतरून स्वतः पैसा कमावू लागली तेव्हा नैतिकतेचा प्रश्न उभा राहिला. याच्या उलट बाजूने बोलणाऱ्या महिला कार्यकर्त्याही होत्या. परंपरेने ठरावीक जातींच्या स्त्रियांवर लादलेले काम ‘व्यवसाय स्वातंत्र्य’ म्हणून जपायचे का, असा त्यांचा सवाल होता. स्त्रीवादी चळवळीत या मुद्द्यावर दोन तट पडले आणि ते पूर्ण मिटलेले नाहीत.

नर्तिकांचे पुढे काय झाले?

बंदी जाहीर करताना पुनर्वसनाची भाषा झाली होती. पण राज्याबाहेरून आलेल्या महिलांसाठी आपली जबाबदारी नाही, असा एक सूर तेव्हाच लागला होता, आणि नोकरी गेलेल्यांच्या आकड्याशी मेळ खाईल अशी योजना उभी राहिली नाही. काही महिला गावी परतल्या. काही आखाती देशांतील हॉटेलांत गेल्या. काहींनी ऑर्केस्ट्रा बारमध्ये माइक हातात घेतला, काहींनी वेटरचे काम धरले. काही जणी लहान गावांतल्या खासगी कार्यक्रमांत नाचू लागल्या, जिथे कठडाही नाही आणि तक्रार करायला परवाना क्रमांकही नाही. अनेकींना देहविक्रयाकडे वळावे लागले.

२००५ मध्ये विशीत असलेली नर्तिका आज चाळिशीत आहे. २०१९ चा निकाल आला तेव्हाच तिचे मंचावरचे वय सरले होते. न्यायालयाने मान्य केलेला तिचा हक्क तिला वापरता आला नाही. खटला चौदा वर्षे चालला आणि तिच्या व्यवसायाचे आयुष्य त्याहून लहान होते.

पुढे काय?

विषय मिटलेला नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये पनवेलमध्ये शेतकरी कामगार पक्षाच्या व्यासपीठावरून राज ठाकरे यांनी रायगडमधील डान्स बारचा उल्लेख केला आणि त्यानंतर मनसे कार्यकर्त्यांनी पनवेलमधील एका बारची तोडफोड केली. वीस वर्षांपूर्वी विधानसभेत हा विषय ज्या भागातून आला, तिथेच तो पुन्हा उभा राहिला.

दोन्ही बाजूंच्या वेदना खऱ्या आहेत. नवऱ्याने जमिनीचे पैसे बारमध्ये उडवलेल्या बाईची तक्रार खोटी नव्हती. त्याच पैशातल्या टीपवर भावंडांची शाळा चालवणाऱ्या नर्तिकेची गरजही खोटी नव्हती. २००४ मध्ये समितीच्या कागदावर असलेला तीन फुटांचा कठडा आणि पाच फुटांचे अंतर तेव्हाच अमलात आले असते, विनापरवाना बारवर तेव्हाच कारवाई झाली असती, तर कदाचित या दोघींनाही काही दिलासा मिळाला असता. पण तो मार्ग वापरून पाहिलाच गेला नाही. आज कायद्याच्या पुस्तकात डान्स बारला परवानगी आहे, रस्त्यावर तो नाही आणि भिंतीमागे तो आहे. यातल्या तिसऱ्या जागेवर नजर ठेवणे सर्वांत अवघड आहे.